खाली फळ्या होत्या

रोज सकाळी गुऱ्हाळाचं दार उघडण्याआधी हंबीरराव पायरीवर बसून नखं कापत. कापायला काही उरलेलं नसे. तरी पलटणीच्या कँटीनमधून आणलेलं, चकाकी उडालेलं नेलकटर सगळ्या बोटांवरून फिरे, मग बोटांची टोकं स्वतःच्याच गालावरून ओढून कुठं खरखरतंय का ते बघत. आतून सुलाबाई विचारत, "नखं कापताय का बोटं?" नवऱ्याचं उत्तर ठरलेलं असे: पंचाचा हात दोन तोंडांच्या मधे जातो. हे ते इतक्या गंभीरपणे सांगत, की वर्षाकाठी एखाददुसऱ्या लढतीला पंच म्हणून उभा राहणारा माणूस बाकीचे सगळे दिवस नखं कशाला कापतो, हे विचारायचं कुणाला सुचत नसे.

गुऱ्हाळ आता नावालाच उरलं होतं. इस्लामपूरच्या अलीकडच्या त्या गावातला सगळा ऊस कारखान्याला जायला लागला आणि गूळ पाडायचं बंद झालं. पलटणीतून घरी आल्यावर हंबीररावांनी तिथलं चुलाण बुजवलं, जमीन चोपून घेतली, आढ्याला चिंध्या आणि चिपाडं ठासून भरलेली पोती टांगली आणि पोरापोरींना किकबॉक्सिंग शिकवायला सुरुवात केली. हवा दमट झाली की भिंतींतून अजून गुळाचा वास येई. मुंगळे तर वर्षभर येत. गूळ संपलाय, हे त्यांना कुणी कळवलेलं नव्हतं.

शिवांजली त्या गुऱ्हाळात आली ती शाळेत असताना. तिचे वडील आकाराम म्हणजे मोडलेल्या कानांचा पैलवान. पोरीनं कुस्ती करावी अशी त्यांची इच्छा होती, पण गावच्या तालमीत पोरींना जागा नव्हती, म्हणून ती हंबीररावांकडं आली. घरी मात्र आकाराम तिला रानात नेऊन नांगरटीच्या भुसभुशीत मातीत डाव शिकवत. हंबीररावांना हे ठाऊक होतं. ते एवढंच म्हणत की घरचं घरी ठेव, इथं कुणाचा पाय धरायचा नाही. शिवांजली मान डोलवी. पण वडिलांनी शिकवलेलं डोक्यात कमी आणि हातात जास्त राहतं. समोरचा पाय वर आला की तिचे हात आपोआप पुढं जात, आणि हंबीरराव हातातल्या उसाच्या कांडक्यानं तिच्या मनगटावर टिचकी मारत.

गोड बोलणारा माणूस नव्हताच तो. कुणाला शाबासकी दिलेली कुणी ऐकली नव्हती. पोरांच्या आईबापांना ते गुऱ्हाळाच्या आत बसू देत नसत. म्हणत, तुमी बघाय लागला की पोरगं तुमच्यासाठी लढतंय. बोलणं तोडून टाकणारं, पण दिलेला शब्द मोडल्याचं कुणी सांगावं असं एकही उदाहरण नव्हतं. त्यामुळं माणसं त्यांना घाबरत आणि भांडण झालं की त्यांच्याचकडं जात.

वीरधवल गावचाच. पुण्यात त्यानं कार्यक्रम भरवण्याची कंपनी काढली होती. यंदाच्या हिवाळ्यात तो गावी आला तो 'उभी झुंज लीग' घेऊनच. सातारा आणि सांगली, दोन जिल्ह्यांचे दोन संघ, किकबॉक्सिंगच्या लढती, दिवे, पडदे, निवेदक. सुरुवात इस्लामपुरात. नियम ठरवायला त्यानं जाणकार म्हणून हंबीररावांना बोलावलं, आणि त्यांनी ते कुणालाही कळतील असे सांगितले. दोघांनी उभ्यानं लढायचं. हात, पाय, गुडघा चालेल. कोपर, डोकं चालणार नाही. खाली पडलेल्याला हात लावायचा नाही. पाय हातात आला तर लगेच सोडायचा. आणि उचलून आपटलं, तर तो गुन्हा. गुण मिळायचा नाही, उलट जाईल.

शेवटच्या नियमावर वीरधवलनं विचारलं होतं की आबा, आपल्याकडं लोकांना पाडापाडीच आवडते, तो एक नियम गाळला तर? हंबीररावांनी त्याला समजावून सांगितलं. तालमीत माती असते. खणलेली, चाळलेली, ताक आणि तेल पाजून मऊ केलेली. माणूस पाठीवर पडला तर माती त्याला झेलते. इथं लोखंडी सांगाड्यावर फळ्या, फळ्यांवर बोटभर फोम आणि त्याच्यावर कापड. फळ्या कुणाला झेलत नाहीत. वीरधवलनं मान हलवली, फोनवर बोलताना माणूस हलवतो तशी, आणि नियम होते तसे छापले.

लीगच्या दिवशी दुपारी शिवांजली मैदानावर गेली तेव्हा हंबीरराव रिंगणात अनवाणी फिरत होते. टाचेनं एकेक फळी ठोकून बघत होते. फोमचा आणखी एक थर टाक, म्हणून त्यांनी मांडववाल्याला सांगितलं. मांडववाल्यानं वीरधवलकडं बोट दाखवलं आणि वीरधवल म्हणाला की दिव्यांचा ट्रक आलाय, आता थर कसला. प्रवेशदारावरच्या फलकावर पुढाऱ्यांचे चेहरे एकमेकांच्या खांद्यावर चढले होते. नियमांचा फलक वेगळा केला होता खरा, पण तो डीजेच्या खोक्यांमागं भिंतीकडं तोंड करून उभा होता.

त्यात साताऱ्याहून यायचा पंच आलाच नाही. आदल्या दिवशी त्याला ताप भरला होता. पंच म्हणून उभं राहायला हंबीररावच उरले, आणि त्यांनी सरळ नकार दिला. पहिलीच लढत शिवांजलीची होती. आपल्याच पोरीच्या लढतीत आपण पंच कसं व्हायचं? तेव्हा सातारच्या संघाचा वस्ताद अर्जुना पुढं आला. औंधचा, धनगराचा, यमाईच्या डोंगराखालच्या माळावर पोरी तयार करणारा. शिवांजलीशी लढणारी राणी ही त्याची भाची. दोन्हीकडच्यांनी मानला तो पंच, मग तो कुणाच्याही गावचा असो, ही मैदानाची जुनी रीत. अर्जुनानं सगळ्यांसमोर हंबीररावांचा हात हातात घेतला.

"आबा, तुमी असला तर आमची हरकत न्हाई. फकस्त जे दिसंल ते द्या."

"जे दिसंल तेच दीन," हंबीरराव म्हणाले. शिवांजली शेजारीच हाताला पट्ट्या बांधत होती. तिनं ते ऐकलं.

कार्यक्रमात नियमांचं वाचन होतं. त्याआधी स्वागत होतं. कारखान्याचे संचालक आप्पासो प्रमुख पाहुणे. त्यांना फेटा, शाल, नारळ. त्यांच्याबरोबर आलेल्यांना फेटा, शाल, नारळ. मग ज्यांना राहिलं म्हणून वाईट वाटलं त्यांनाही. आप्पासो स्वतः जुने पैलवान. ते आपल्या कुस्त्यांवर बोलले, मातीवर बोलले, मातीच्या संस्कारांवर बोलले. ऊन कललं. हंबीरराव माइककडं निघाले तर वीरधवलनं त्यांना दंडाला धरून थांबवलं. आबा, नियम कुणाला ऐकायचेत, लोक उठून जातील. आणि डीजे सुरू झाला. एवढं मोठं मैदान गच्च भरलेलं, आणि समोर काय चाललंय हे कळायला लागणारी चार वाक्यं तेवढी कुणाला ऐकायला मिळाली नाहीत. शालींना वेळ होता.

राणी दिसायला किरकोळ होती, पायानं लांब. पहिल्या फेरीत दोघींनी एकमेकींचा अंदाज घेतला. दुसरीत राणीचा डावा पाय शिवांजलीच्या मांडीवर बसू लागला, एकाच जागी, पुन्हा पुन्हा, घणासारखा. शिवांजलीचं लक्ष खाली गेलं आणि तेवढ्यात राणीचा उजवा ठोसा हनुवटीवर आला. ती बसलीच. हंबीरराव तिच्यासमोर वाकून आकडे मोजत होते, आणि त्यांच्या डोळ्यांत ओळख नव्हती. गुऱ्हाळातल्या आबांना ती रोज बघत होती. हा माणूस दुसरा होता. आठाच्या आत ती उठली. मैदान गप्प झालं होतं. आपल्या तालुक्यात, आपली पोरगी, आणि माणदेशाकडची कुणी मेंढरामागची येऊन तिला बसवते, हे मैदानाला रुचलं नव्हतं.

तिसऱ्या फेरीत राणीनं पुन्हा तोच पाय उचलला. या खेपेला तो परत जायला जरा उशीर झाला. शिवांजलीच्या हातांनी तो धरला. सोड, असं तिच्या डोक्यात कुठंतरी आलं. पण हातांनी ऐकलं नाही. खांदा आत गेला, कंबर फिरली, आणि राणी तिच्या पाठीवरून जाऊन फळ्यांवर आदळली. आवाज लाकडाचा आला.

मैदान उसळलं. फेटे हवेत उडाले. आकाराम खुर्चीवर चढून नाचू लागले. शिवांजलीनं राणीकडं पाठ फिरवून दोन्ही हात वर केले. त्या एका क्षणी तिला खरोखर वाटलं की आपण जिंकलो. आजोबा जसे जिंकत, वडील जसे जिंकत, तसंच. हंबीररावांनी तिचा हात खाली ओढला, गुन्ह्याची खूण केली आणि रिंगणाबाहेर गुण मांडत बसलेल्या परीक्षकांना गुण कापायला सांगितलं. राणी उठली होती. मान जराशी वाकडी धरून, हात चेहऱ्यापुढं घेऊन उभी होती, लढायला तयार. उरलेल्या वेळात दोघी लढल्या, पण ते कुणी बघितलं नाही. लोकांच्या लेखी कुस्ती निकाली झाली होती.

परीक्षकांच्या कागदांवर राणी जिंकली होती. हंबीरराव दोघींची मनगटं धरून मधे उभे राहिले. तोवर आप्पासोंनी माइक घेतला होता.

"पाठ टेकली. मी माझ्या डोळ्यानं बघितली. इथं एवढं मैदान साक्षीला हाय. पंचाला दिसली न्हाई का?"

मैदान हसलं. वीरधवल दोरांतून आत आला. तो हळू आवाजात बोलत होता, पण शिवांजलीला शब्द न् शब्द ऐकू येत होता. आप्पासोंनी मैदान दिलंय, पुढच्या लढती त्यांच्या शब्दावर आहेत. आणि आबा, जिंकतीय ती तुमचीच पोरगी, तुम्हाला नको आहे का? आजच्या दिवस नियम जरा ढिला करू.

"नियम काय नाडा हाय व्हय, ढिला करायला?" हंबीरराव म्हणाले. "खाली फळ्या हायत. तिची मान मोडली असती. आन् मी अर्जुनाला शब्द दिलाय."

आणि त्यांनी राणीचा हात वर केला.

डीजेनं गाणं लावलं. आप्पासो स्वतः वर चढले, त्यांनी शिवांजलीचा दुसरा हात धरला आणि तो वर केला. काही क्षण रिंगणात असं चित्र होतं: एका टोकाला पंचानं उचललेला राणीचा हात, दुसऱ्या टोकाला पाहुण्यांनी उचललेला शिवांजलीचा, आणि शिवांजलीचं डावं मनगट अजून हंबीररावांच्या मुठीत. मग तिनंच ते सोडवून घेतलं.

दुसऱ्या दिवशी इस्लामपूरच्या चौकात लागलेल्या फलकावर फक्त आप्पासो आणि ती होती. लीगच्या इंटरनेटवरच्या पानावर तिच्या नावापुढं विजयी लिहिलं होतं.

गावानं हंबीररावांना सोडलं नाही. आपल्याच पोरीचा हात वर न करणारा वस्ताद आयुष्यात पहिल्यांदा बघितला, असं आकाराम चावडीवर मोठ्यानं म्हणाले. कुणी त्यांना फितूर म्हणालं. कुणी म्हणालं की म्हातारपणी दिसत नाही. नळावर बायकांनी सुलाबाईंना विचारलं, तुमचं मालक सातारकडून लढत्यात का? सुलाबाईंनी घागर उचलली आणि सांगितलं की न्हाई, त्यांना तिकडं कुणी ओळखत न्हाई म्हणून मान मिळतो. गुऱ्हाळातली पोरं कमी झाली. शिवांजलीही गेली नाही. तिला राग आला होता, आणि राग कुणाचा हे नीट कळत नव्हतं, म्हणून तिनं तो हंबीररावांवर ठेवला. ते जवळचे होते.

मग लीगची नवी सूचना आली. स्थानिक परंपरेचा आणि मातीचा मान राखून, यापुढं प्रतिस्पर्ध्याची पाठ टेकवल्यास जादा गुण दिले जातील. शिवांजलीनं ती दोनदा वाचली. तिच्या एका चुकीचा कायदा झाला होता. फळ्या त्याच होत्या, फोम तेवढाच होता, आणि त्यांच्यावर आता पोरींना आपटायला बक्षीस होतं. ज्याला नियम ठाऊक नाही त्यानं निकाल द्यायचा, आणि निकाल चुकला की नियम बदलायचा. आणि ह्याला वर नाव मातीचं. त्या अख्ख्या मैदानावर रिंगणाखाली चिमूटभर माती नव्हती.

त्याच दिवशी गावात कळलं की राणीला मान वळवता येत नाही. साताऱ्याच्या दवाखान्यात पट्टा घातलाय आणि ती औंधला मामाकडं पडून आहे. सकाळच्या एसटीसाठी शिवांजली थांब्यावर गेली तर तिथं हंबीरराव आधीच उभे होते, हातात केळ्यांची पिशवी. दोघं एकाच गाडीत चढले. कराडला गाडी बदलली. औंधला उतरताना त्यांनी पिशवी तिच्या हातात दिली.

राणी भिंतीला टेकून बसली होती. गळ्याभोवती पांढरा जाड पट्टा. कुणाकडं बघायचं तर सगळं अंग वळवावं लागत होतं.

"औताच्या बैलागत झालंय माझं," ती म्हणाली. मग शिवांजलीकडं अख्खी वळून तिनं विचारलं, "तुला म्हाईत व्हतं न्हवं? ते चुकीचं हाय म्हणून?"

अर्जुना आणि हंबीरराव दारात होते. शिवांजलीला वाटलं, म्हणता येईल की हात आपोआप गेले, आणि ते खरंही होतं. पण हात वर केले होते ते आपोआप नव्हते. मनगट सोडवून घेतलं ते तर नव्हतंच.

"व्हय," ती म्हणाली.

राणीनं एक केळ सोलून अर्धं तिच्यापुढं धरलं. पाय मागं घ्यायला मलाच उशीर झाला, पण ती गोष्ट वेगळी, असंही म्हणाली.

परत आल्यावर शिवांजली थेट वीरधवलच्या मांडवातल्या कचेरीत गेली. तिनं सांगितलं की मी हरले होते, निकाल बदला. आणि हा नवा नियम असेल तर मी लढणार नाही. वीरधवल तिच्याशी फार गोड बोलला. तुझ्या भावना समजतात, म्हणाला. खेळात दुखापत व्हायचीच, म्हणाला. निकाल जाहीर झाला, आता बदलला तर आप्पासोंचा अपमान होईल. राणीच्या मानेचा कुणाला अपमान वाटला का, असं तिनं विचारलं, तेव्हा त्यानं घड्याळ बघितलं. तिच्या जागी दुसरी पोरगी घेतली गेली. राणीला जिंकूनही पुढच्या लढतींत जागा मिळाली नाही ती नाहीच. तिच्या नावापुढं आजही पराभूत असंच लिहिलेलं आहे. आकाराम आठवडाभर पोरीशी बोलले नाहीत. मग एका संध्याकाळी रानात जाऊन त्यांनी पायानं ढेकूळ फोडलं, माती मुठीत घेऊन बराच वेळ दाबून बघितली आणि घरी येऊन विचारलं की ते रिंगण नक्की कसलं होतं गं. तिनं सांगितलं. ते जेवायला बसले, पण जेवले कमी.

हंबीररावांनी लीगला विरोध म्हणून जे करता येईल ते केलं. सांगलीला जाऊन आले, मोठ्या माणसांना भेटले. प्रत्येकानं चहा पाजला. पुढच्या लढतीच्या दिवशी ते प्रवेशदारापाशी उभे राहून आत जाणाऱ्याला थांबवून नियम सांगत होते: खाली फळ्या हायत बरं का, माती न्हाई. माणसं नमस्कार करून आत जात. शेवटी दोन पोरांनी त्यांना हाताला धरून रस्त्यापलीकडं नेऊन बसवलं. आयुष्यभर दोघांच्या मधे उभं राहिलेल्या माणसाला असं बाजूला बसवताना त्या पोरांना काही वाटलं नाही, आणि हे शिवांजलीला अजून सहन होत नाही.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी ते गेले. संध्याकाळी अंगणात खाटेवर टेकले ते उठले नाहीत. शोकसभेत आप्पासो मातीशी इमान राखणारा माणूस असं म्हणाले, आणि वीरधवलनं त्यांच्या नावानं एक चषक जाहीर केला. सुलाबाई मधेच उठून घरात गेल्या.

आबा शेवटचं काय बोलले, हे शिवांजलीला पुष्कळांनी विचारलं; ती पुन्हा गुऱ्हाळात जाऊ लागली होती आणि त्या दुपारी तीच तिथं होती. लोकांना काहीतरी ऐकायचं असतं. पण आबा तर पोतं खाली उतरवून त्याची उसवलेली शिवण बघत होते, दाभणात सुतळी ओवत होते, आणि तिच्याकडं न बघताच म्हणाले:

"राणीची मान बरी झाली की तिला इकडं बोलव चार दिस. तुला मारायला कुणीतरी चांगलं पायजे."